मरीन पार्क म्हणजे अख्खा समुद्र बंद?

"कासवांसाठी मरीन पार्क केला की मासेमारी कायमची बंद" हा मेसेज कधीपासून फिरतोय, भीती समजू शकते पण तसं नसतं. मरीन पार्क म्हणजे समुद्रातला राखीव भाग, पण त्यात सगळीकडे एकच नियम नसतो. ऑस्ट्रेलियाचा ग्रेट बॅरियर रीफ (प्रवाळांचा) मरीन पार्क बघा, 2004 पासून तिथे साधारण 33% भागातच पूर्ण मासेमारीबंदी आहे, बाकी नकाशावर रंगांनी दाखवलेल्या झोनप्रमाणे नियम, फिकट निळ्या झोनमध्ये तर ट्रॉलरही चालतो. मग कासवांना काय फायदा? मादी एका सीझनला अनेकदा अंडी घालते आणि मधले दोनेक आठवडे किनाऱ्याजवळच्या पाण्यातच थांबते (हे खूप जणांना माहीतच नसतं), तेव्हा जाळ्यात अडकायचा धोका असतो, म्हणजे नुसती वाळू राखून भागत नाही, जवळचं पाणीही राखावं लागतं. खात्री करायचीय? तिथला झोनिंग मॅप (कुठे कोणता नियम ते दाखवणारा नकाशा) ऑनलाइन फुकट मिळतो, हिरव्यात मासेमारी नाही, गुलाबीत प्रवेशच नाही, पिवळ्यात गळ चालतो पण मर्यादेत.