गोंगबू: नाव एक, पवित्रे दोन

चिनी मार्शल आर्ट शिकायला लागलं की पहिल्या काही दिवसांतच गोंगबू हा पवित्रा समोर येतो. गोंग म्हणजे धनुष्य, बू म्हणजे पाऊल. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताणलेला. चांगछुआन या लांब ठोशांच्या, वेगवान शैलीत हा आहे आणि सावकाश चालणाऱ्या ताई चीमध्येही. फोटो शेजारी ठेवले तर एक जरा खाली बसलाय, दुसरा जरा वर, एवढाच फरक वाटतो. मलाही तसंच वाटायचं. मग चांगछुआनकडून ताई चीकडे वळलो आणि महिनाभर पावलापावलाला डुलत होतो.

खरा फरक रुंदीत आहे. घरातल्या फरशीचा एक लांब सांधा धरा. चांगछुआनमध्ये दोन्ही पावलं जवळपास त्या सांध्यावरच येतात, अंतर आपल्याच पावलाच्या चार ते पाच पट. पुढची मांडी जमिनीला समांतर व्हायला आलेली, नडगी उभी, मागचा गुडघा ताठ. छाती काढलेली, कंबर मरगळलेली नाही. अंग असं एका रेषेत आलं की कंबर वळून खांदा पुढे जातो आणि ठोसा लांब पोचतो.

ताई चीमध्ये टाचा त्या सांध्याच्या दोन बाजूंना हव्यात. 1956 साली चीनच्या क्रीडा आयोगाने बसवलेल्या 24 प्रकारांच्या संचात हे आडवं अंतर साधारण 10 ते 30 सेंटीमीटर धरतात. मांडी इतकी खाली जात नाही, मागचा पाय सरळ असतो पण गुडघा गच्च आवळायचा नाही. छातीचं तर नेमकं उलट: ताई चीचे गुरू यांग चेंगफू (1883–1936) यांच्या दहा सूत्रांत ती किंचित आत, सैल ठेवायला सांगितली आहे. इथे वजन एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश सरकतं आणि खुबे समोर वळतात. पावलं एका रेषेत असतील तर त्या सावकाशपणात तोल राहतच नाही. शब्दशः तारेवरची कसरत. पुण्याकडे अय्यंगार पद्धतीत वीरभद्रासन पक्कं झालेल्यांना ही सवय मोडायला जास्त वेळ लागतो, कारण तिथे पुढची टाच मागच्या पावलाच्या कमानीच्या रेषेत ठेवायला शिकलेले असतात.

गुडघ्याचा नियम मात्र दोन्हीकडे एकच: बोटांच्या पुढे जायचा नाही आणि पाऊल बघेल तिकडेच बघायचा. तपासायला सोपं आहे. पवित्र्यात असतानाच खाली नजर टाका. गुडघ्याच्या आतल्या बाजूने पायाचा अंगठा दिसला तर ठीक. झाकला गेला असेल तर गुडघा आत पडलाय. थकल्यावर तो हमखास पडतो, आणि मग कितीही खाली बसलात तरी उपयोग नाही, गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येत राहतो.

माझं डुलणं थांबलं ते एका साध्या गोष्टीने. पाऊल टाकताना मी ते नकळत मधल्या रेषेकडे ओढत होतो. आता उचललेला पाय दुसऱ्या घोट्याजवळून नेतो, पण टाच टेकवतो ती खांद्याच्या रुंदीवर, फरशीच्या पलीकडच्या चौकोनात.