ऑपरेशनच्या आदल्या रात्रीची आंघोळ आली कुठून?

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा हॉस्पिटलने गुलाबी लिक्विडची बाटली दिली, आदल्या रात्री आणि सकाळी याने आंघोळ करा, मानेच्या वर लावू नका, डोळ्या-कानात जाऊ देऊ नका, आणि घरी वस्तरा अजिबात फिरवू नका. आईला शेवटचं काही पटेना. आजोबांच्या हर्नियाच्या वेळी आदल्या संध्याकाळी वॉर्डात न्हावी येऊन पार मांडीपर्यंत खरवडून गेला होता ना!

जंतू मारून मग कापायचं ही कल्पना १८६५ची, ग्लासगोत जोसेफ लिस्टरने पाय मोडलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिड लावलं तेव्हापासूनची. ते जालीम, हाताची सालं निघायची. मग १९०८मध्ये ग्रॉसिख नावाच्या सर्जनने कापायच्या आधी कातडीला टिंक्चर आयोडीन फासायला सुरुवात केली. पण हे सगळं टेबलावर, पेशंटने घरी काय करायचं हा विषय बराच नंतर आला.

बाटलीतलं क्लोरहेक्सिडिन गंमत म्हणजे मलेरियाच्या औषधांवरच्या संशोधनातून निघालं, इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत, आणि १९५४मध्ये बाजारात आलं. ते कातडीला चिकटून राहतं, धुतल्यावरही काही तास काम करतं. मात्र साध्या साबणाचा फेस अंगावर राहिला तर त्याचा जोर जातो, म्हणून आधी साबण नीट धुवायचा मग हे लावायचं.

त्याआधी चलती होती हेक्साक्लोरोफीन या दुसऱ्या जंतुनाशकाची. १९७२मध्ये फ्रान्समध्ये एका बेबी पावडरीत ते चुकून भरमसाट पडलं आणि ३६ मुलं गेली, त्याच वर्षी अमेरिकेनेही त्याच्यावर बंधनं आणली, आणि पुढे क्लोरहेक्सिडिनला रान मोकळं मिळालं. तरी आंघोळीच्या बाजूने सगळ्यात गाजलेला आकडा हेक्साक्लोरोफीनचाच, कॅनडातल्या कॅलगरीमधला. क्रूझ आणि फूर्ड या दोघांनी दहा वर्षांत ऑपरेशनच्या ६२,९३९ जखमा मोजल्या (केवढी चिकाटी!), १९८०मध्ये छापलं: आंघोळ नाही तर इन्फेक्शन २.३ टक्के, साध्या साबणाने २.१, हेक्साक्लोरोफीनने १.३. आणि त्यातच न्हाव्याचाही निकाल लागला, वस्तरा मारलेल्यांत २.५ टक्के, केस काढलेच नाहीत त्यांच्यात ०.९. वस्तऱ्याने बारीक ओरखडे पडतात, रात्रभर तिथे जंतू वाढतात, सरळ हिशोब आहे.

आंघोळीचा हिशोब मात्र इतका सरळ निघाला नाही. २०१५मध्ये कोक्रेनच्या (ही संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासते) आढाव्यात सात चाचण्या आणि दहा हजारांवर पेशंट धरूनही क्लोरहेक्सिडिन साध्या साबणापेक्षा नक्की सरस असं काही दिसलं नाही. २०१६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साधा साबणही चालेल म्हटलं, वस्तऱ्याला मात्र ठाम नाही. मला विचाराल तर डॉक्टरांनी बाटली दिलीय तर वापरा, पण नाही मिळाली म्हणून घाबरायचं कारण नाही.

आईचे केस शेवटी ऑपरेशनच्या सकाळी हॉस्पिटलमध्येच काढले, क्लिपरने म्हणजे केस कातरायच्या मशीनने, दोन मिनिटांत. ती म्हणाली, त्या न्हाव्याला आजोबांनी वर पाच रुपये बक्षीस दिले होते.