दिव्यांगांचे व्यावसायिक पुनर्वसन व रोजगार धोरण : सोलापूरच्या संदर्भात

जन्मजात, आजारामुळे किंवा अपघातामुळे आलेल्या दिव्यांगत्वानंतर व्यक्तीला तिच्या कुवतीचे काम मिळावे, ते टिकावे आणि त्यात तिची बढतीही व्हावी, यासाठी केलेल्या पद्धतशीर प्रयत्नांना व्यावसायिक पुनर्वसन म्हणतात. व्यक्तीच्या क्षमतेची पाहणी, व्यवसाय मार्गदर्शन, प्रशिक्षण, नोकरी मिळवून देणे आणि नोकरी लागल्यावर काही काळ पाठपुरावा करणे हे त्याचे नेहमीचे टप्पे होत. यांपैकी पाठपुरावा सर्वांत दुर्लक्षित राहतो, कारण सरकारी अहवालात मोजला जातो तो प्रशिक्षितांचा आकडा. सहा महिन्यांनी त्यांतले किती जण कामावर उरले, याची विचारणा क्वचितच होते.

या कल्पनेला आंतरराष्ट्रीय पाठबळ मिळाले ते आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५५ च्या ९९ क्रमांकाच्या शिफारशीने आणि पुढे १९८३ च्या १५९ क्रमांकाच्या करारनाम्याने. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातील २७ वे कलम काम व रोजगाराविषयी असून भारताने २००७ मध्ये त्या कराराला अनुसमर्थन दिले. भारतात केंद्रीय श्रम मंत्रालयाने १९६८ मध्ये मुंबई व हैदराबाद येथे व्यावसायिक पुनर्वसन केंद्रे उघडली होती; मात्र नोकरीतील आरक्षणाला कायद्याचा आधार १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमानेच मिळाला. त्यात सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा ठेवल्या होत्या. हे ३ टक्के नेमके कशाचे, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ रोजी मिटवला. दिव्यांगांसाठी निश्चित केलेल्या पदांपुरते आरक्षण न मोजता संवर्गातील एकूण रिक्त पदांवर ते मोजावे, असा तो निकाल होता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत होऊन १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केले, आरक्षण ४ टक्क्यांवर नेले आणि स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक दिव्यांगत्व व मानसिक आजार असलेल्यांनाही त्यात वाटा दिला. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला.

आरक्षणाचा हा लाभ सोलापुरात जिल्हा परिषद, महानगरपालिका, अनुदानित शाळा-महाविद्यालये, मध्य रेल्वेचा सोलापूर विभाग आणि बँका अशा ठिकाणी मिळू शकतो. शहराचे पोट मात्र मुख्यतः चादर आणि टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांवर, विडी वळण्यावर आणि अलीकडे गणवेश शिवण्याच्या धंद्यावर चालते. ही बहुतेक कामे लहान कारखान्यांत किंवा घरोघरी, नगावर मजुरी ठरवून होतात. अधिनियमाचे ४ टक्के आरक्षण खाजगी आस्थापनांना लागू नाही; त्यांच्या मनुष्यबळात किमान ५ टक्के दिव्यांग असावेत म्हणून सरकारने उत्तेजन द्यावे, एवढेच ३५ वे कलम सांगते, आणि तेही सरकारच्या आर्थिक कुवतीत राहून. २०१७ च्या नियमांनुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावयाचे असले, तरी दिव्यांगांना योग्य पदांची यादी, निवडीची पद्धत आणि संपर्क अधिकारी हे तपशील सरकारी आस्थापनांना आणि २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनांनाच बंधनकारक आहेत. आठ-दहा माग आणि चार-सहा कामगार असलेल्या शेडला त्याचा व्यवहारात काहीच जाच होत नाही. सोलापुरातील प्रश्न इथे आहे : कायद्याने धरलेला मालक आणि शहरात प्रत्यक्ष काम देणारा मालक हे वेगवेगळे आहेत.

यंत्रमागाचे काम जवळून पाहिले की दिव्यांगत्वाचा आणि कामाचा संबंध किती गुंतागुंतीचा आहे, ते कळते. विणकराला एकाहून अधिक मागांमधून सतत फिरावे लागते. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की माग थांबवून गाठ मारावी लागते, आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली कांडी (धाग्याची गुंडाळी) संपली की बदलावी लागते. पायाने अधू माणसाला हे फिरणे जड जाते, पण कांड्या भरणे, टॉवेलची शिलाई, घडी घालणे आणि बांधणी ही कामे तो बसून करू शकतो. अडचण एवढीच की या कामांची मजुरी विणकामापेक्षा कमी असते. कर्णबधिर कामगाराला मागांच्या खडखडाटाचा त्रास तुलनेने कमी होतो. मात्र हाच खडखडाट वर्षानुवर्षे सोसून धडधाकट विणकरांचे कान अधू होतात, आणि कामाच्या गोंगाटाने आलेला बहिरेपणा कामगार विम्याच्या कायद्यात व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे हा धंदा दिव्यांगांना काम देतो तसाच तो नवे दिव्यांगही निर्माण करतो.

धोटा उडून विणकराच्या डोळ्याला इजा होणे हा जुन्या मागांवरचा परिचित धोका आहे. कामगार नुकसानभरपाईच्या अनुसूचीत दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गमावल्यास कमाईची क्षमता ४० टक्क्यांनी घटली असे धरतात. दिव्यांगत्व मोजण्याच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मात्र अशा व्यक्तीचे दिव्यांगत्व ३० टक्के भरते. आरक्षण आणि बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्क्यांची अट असल्यामुळे हा विणकर सिव्हिल हॉस्पिटलमधून प्रमाणपत्र घेऊन आला तरी उंबरठ्याबाहेरच राहतो. टक्केवारी अवयवाची मोजली जाते. माणूस कोणते काम करत होता आणि आता कोणते करू शकेल, हा प्रश्न प्रमाणपत्राच्या नमुन्यात येत नाही. शासकीय कर्मचाऱ्याला नोकरीत असताना दिव्यांगत्व आल्यास त्याला कमी करता येत नाही, समान वेतनाच्या दुसऱ्या पदावर न्यावे लागते, असे २०१६ च्या अधिनियमाचे २० वे कलम सांगते. यंत्रमाग कामगाराला असे संरक्षण नाही.

विडी उद्योगात घरी बसून काम होत असल्याने चालता न येणाऱ्या स्त्रियांना तो वर्षानुवर्षे आधार ठरला आहे. पाने कापून, भिजवून, तंबाखू भरून वळलेल्या विड्यांवर हजारामागे मजुरी मिळते, आणि त्यांतून छाट, म्हणजे नाकारलेल्या विड्या, निघाली की तिचे पैसे कापले जातात. तंबाखूच्या धुळीत घरात बसून राहण्याला पुनर्वसन म्हणावे का, हा प्रश्न उरतोच. तरी दुसरा पर्याय न देता तो विचारणे सोपे आहे.

स्वयंरोजगाराच्या योजना त्यामानाने पुष्कळ आहेत. सार्वजनिक फोनच्या एसटीडी बूथचे वाटप ही एकेकाळची यशस्वी योजना होती; मोबाइल आले आणि बूथ ओस पडले. एका यंत्रावर सगळा भरवसा ठेवल्याचा हा परिणाम पुढच्या योजना आखताना फारसा लक्षात घेतला गेलेला दिसत नाही. सध्या धंदा सुरू करण्यासाठीची बीज भांडवल योजना, राष्ट्रीय व राज्य दिव्यांग वित्त महामंडळांची कर्जे आणि विजेवर चालणारी फिरती दुकाने असे मार्ग आहेत. ग्रामपंचायत, नगरपालिका व महानगरपालिका यांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. बीज भांडवलात मोठा वाटा बँकेच्या कर्जाचा असल्यामुळे अर्ज मंजूर होऊनही प्रकरण बँकेच्या टेबलावर अडते. दुसरीकडे, संजय गांधी निराधार योजनेचे मासिक अनुदान उत्पन्नाच्या मर्यादेशी बांधलेले असल्याने दुकान थोडेफार चालू लागताच ते बंद पडण्याची धास्ती लाभार्थ्याला वाटते, आणि कमाई कमी दाखवण्याकडे किंवा मुळात दुकानच न टाकण्याकडे त्याचा कल होतो.