पांढरा चेहरा, काळा मंच आणि आगीचा लोळ

३१ डिसेंबर १९७३ च्या रात्री न्यूयॉर्कमधील अकॅडमी ऑफ म्युझिक या नाट्यगृहात ‘किस’ या नवख्या रॉक बँडच्या जीन सिमन्सने प्रेक्षकांसमोर पहिल्यांदा तोंडातून आगीचा लोळ सोडला आणि त्या आगीत त्याचेच केस पेटले. पुढे हा प्रकार त्यांच्या कार्यक्रमांचा ठरलेला भाग झाला आणि छायाचित्रकारांची परीक्षाही. एरवी काळोखाशी झगडणाऱ्या कॅमेऱ्यापुढे अचानक डोळे दिपवणारा उजेड येई आणि तो सेकंदभरात विझूनही जाई. तरीही मला वाटते की, या बँडच्या छायाचित्रणातली खरी गंमत आगीत नसून त्यांच्या रंगवलेल्या चेहऱ्यांत आहे.

सिमन्सचा राक्षस, पॉल स्टॅन्लीच्या एका डोळ्याभोवतीचा तारा, एस फ्रेलीचा अंतराळवीर आणि पीटर क्रिसचे मांजर ही चारही सोंगे पांढऱ्या लेपावर काळ्या आकृत्या काढून उभी राहिली. अशा पांढऱ्या लेपात साधारणतः टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असते आणि चांगला पांढरा लेप त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत फेकतो. गोरी त्वचा जेमतेम ३५ टक्के फेकते. म्हणजे दिवे तेच असताना रंगवलेला गाल उघड्या गालाच्या दुपटीहून अधिक उजळ दिसतो, आणि जिथे १/१२५ सेकंद शटर उघडे ठेवावे लागले असते तिथे १/२५० सेकंदात काम भागते. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला चेहरा दिसावा यासाठी फासलेला रंग कॅमेऱ्याला एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, प्रकाश फुकटात देऊन जातो.

मात्र कॅमेऱ्यातला प्रकाशमापक इथे हमखास फसतो. समोरचे दृश्य सरासरीने करड्या रंगाचे, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परत फेकणारे आहे, असे तो गृहीत धरतो. काळा मंच, काळे चामडी पोशाख आणि मधोमध छोटासा पांढरा चेहरा असे दृश्य समोर आले की तो ‘फारच अंधार आहे’ असे समजून प्रकाश वाढवतो. मग ताऱ्याची कड तेवढी शिल्लक राहते आणि नाक, गाल, हनुवटी पिठात बुडवल्यासारखी सपाट होतात. मागे बँडच्या नावाची दिव्यांची पाटी पेटली की नेमके उलटे होते आणि तोच चेहरा राखाडी पडतो. यावरचा उपाय जुनाच आहे: दृश्याचा छोटासा ठिपकाच मोजणाऱ्या स्पॉट मीटरने फक्त पांढरा गाल मोजायचा, मापकाने सांगितल्यापेक्षा दोन स्टॉपच्या आसपास, किंचित कमीच, प्रकाश जास्त द्यायचा आणि ते आकडे हाताने पक्के करून ठेवायचे.

त्या काळी रंगमंचावर ४०० एएसए संवेदनशीलतेची कृष्णधवल फिल्म १६०० ची समजून वापरत आणि डेव्हलपर या रसायनात जास्त वेळ ठेवत. याला फिल्म ‘पुश’ करणे म्हणतात. त्याने निगेटिव्हवर उजळ भाग आणखी दाट होतात. पण जिथे प्रकाशच पोहोचला नाही त्या सावल्यांमध्ये काही नव्याने उगवत नाही, आणि एकूण चित्र कडक काळे-पांढरे होते. साध्या चेहऱ्याचे त्यात नुकसान होते. जो चेहरा मुळातच दोन रंगांचा आहे त्याचे फारसे काही बिघडत नाही.

गंमत अशी की, १९७५ च्या ‘अलाइव्ह!’ या थेट कार्यक्रमांच्या अल्बमवरील मुखपृष्ठाचे छायाचित्र फिन कॉस्टेलो यांनी प्रत्यक्ष कार्यक्रमात टिपलेले नाही. ते डेट्रॉइटच्या मिशिगन पॅलेसमध्ये सरावाच्या वेळी घेतलेले आहे.

डिजिटल कॅमेरा आला तरी मूळ अडचण तीच राहिली. छायाचित्रातला रवाळपणा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, वाढवल्यामुळे येतो असे सर्रास म्हटले जाते, परंतु त्याचे मोठे कारण प्रकाशाच्या स्वभावातच आहे. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात आणि त्यांच्या संख्येतला चढउतार त्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. एका पिक्सेलवर १०,००० फोटॉन पडले तर चढउतार १०० चा, म्हणजे १ टक्का; १०० च पडले तर १० चा, म्हणजे १० टक्के. पांढरा गाल स्वच्छ आणि काळे चामडे खरखरीत दिसते ते यामुळेच. एलईडी दिव्यांनी त्यात भर घातली. ब्राइस बायर यांनी कोडॅकमध्ये तयार केलेल्या आणि १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेनुसार सेन्सरवरील निम्मे पिक्सेल हिरव्याचे, पाव तांबड्याचे आणि पाव निळ्याचे असतात. मंच निव्वळ निळ्या प्रकाशात न्हाला की पांढरा चेहराही निळा होतो आणि सेन्सरचा जेमतेम चौथा हिस्सा कामाला उरतो.

मंचावरच्या उडीचे छायाचित्र टिपण्याचे गणित त्यामानाने सोपे आहे. स्टॅन्ली उंच टाचांच्या बुटांत ४० सेंटिमीटर उडाला असे धरले तर तो सुमारे ०.५७ सेकंद हवेत राहील, आणि त्यातला निम्मा वेळ सर्वांत वरच्या १० सेंटिमीटरमध्ये जाईल. जमिनीला टेकताना १/१२५ सेकंदात तो दोन सेंटिमीटरहून जास्त सरकतो. अगदी शिखरावर मात्र मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाही नाही.

आणि आग. सिमन्स तोंडातले केरोसीन फवाऱ्यासारखे उडवत असे, त्याचे बारीक थेंब झाल्याने पृष्ठभाग प्रचंड वाढे आणि मशालीला लागताच सगळे एकदम भडके. तापलेल्या काजळीच्या कणांमुळे ज्वाला पिवळीनारिंगी दिसते. तिच्यात तांबडा भाग सर्वाधिक असल्याने जास्त वेळ प्रकाश घेतला तर सेन्सरचे तांबडे पिक्सेल आधी तुडुंब भरतात, मग हिरवे त्यांना गाठतात, आणि नारिंगी लोळ पिवळा होत होत पांढरा ठिगळ बनतो. म्हणून जाणकार छायाचित्रकार सिमन्सने मशाल हातात घेतली की शटर १/१००० वर आणून ठेवत असे. त्या आकड्यावर टिपलेल्या आधीच्या चौकटी जवळजवळ काळ्या येत. मग एका चौकटीत ज्वालेच्या फाटलेल्या जिभा दिसत, आणि त्यांच्या उजेडात नारिंगी झालेला तो पांढरा गाल.