लिसनिंग गाइड

मुलाखतीतले बोलणे तुकडे करून आधीच आखलेल्या खणांत न टाकता ते पुन्हापुन्हा, दर वेळी वेगळ्या गोष्टीकडे कान देऊन ऐकण्याची गुणात्मक संशोधनपद्धती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन (जन्म 1936) आणि हार्व्हर्ड विद्यापीठातील त्यांच्या सहकारी यांनी ती 1980 च्या दशकात घडवली. मराठीत तिला ‘श्रवण-मार्गदर्शिका’ म्हणता येईल. शब्दांकन (बोललेले जसेच्या तसे उतरवलेले लेखन) समोर असले तरी तिच्या टप्प्यांना ‘वाचन’ न म्हणता ‘श्रवण’ म्हणतात. वाचणारा एकटा असतो, ऐकायला मात्र समोर कुणीतरी बोलणारे लागते, आणि ऐकणाऱ्याचाही त्यात सहभाग असतो, असा या नावामागचा विचार आहे. एका मुलाखतीची किमान चार श्रवणे होतात : एक कथानकाचे, एक ‘मी’चे आणि निदान दोन त्याच माणसाच्या बोलण्यातल्या निरनिराळ्या आवाजांची. त्यानंतर या सगळ्यांची सांगड घालून विश्लेषण लिहिले जाते.

उगम

नैतिक विचाराची वाढ अभ्यासणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी 1958 मध्ये शिकागो विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधासाठी 10, 13 आणि 16 वर्षांच्या 72 मुलांच्या मुलाखती घेतल्या होत्या. हे सगळे मुलगेच होते. त्यांच्या उत्तरांवरून नैतिक विचाराच्या सहा पायऱ्या ठरल्या, आणि पुढे त्याच पायऱ्यांवर मुली आणि स्त्रिया मोजल्या जाऊ लागल्या. गिलिगन हार्व्हर्डमध्ये कोलबर्ग यांच्याबरोबर काम करत होत्या. खऱ्या आयुष्यातल्या कठीण निवडीला माणूस कसा सामोरा जातो हे त्यांना पाहायचे होते, आणि त्यासाठी व्हिएतनाम युद्धाच्या सक्तीच्या भरतीला तोंड देणारे विद्यार्थी त्यांनी डोळ्यांसमोर ठेवले होते. 1973 मध्ये सक्तीची भरती थांबली. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला. गिलिगन यांनी मग गर्भपाताचा निर्णय घेण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या 15 ते 33 वयाच्या 29 स्त्रियांशी बोलायचे ठरवले. त्यांचे बोलणे कोलबर्ग यांच्या पायऱ्यांत बसेना. ‘इन अ डिफरंट व्हॉइस’ (1982) या पुस्तकात हा सगळा पुरावा आहे.

पद्धतीचे बीज मात्र त्याच पुस्तकातल्या दुसऱ्या एका प्रसंगात अधिक स्पष्ट दिसते. कोलबर्ग यांच्या ठरावीक कोड्यात हाइन्झ नावाच्या माणसाची बायको मरणपंथाला लागलेली असते, औषधवाला परवडणार नाही अशी किंमत सांगतो, आणि प्रश्न असा, की हाइन्झने औषध चोरावे का? एकाच वर्गातला 11 वर्षांचा जेक लगेच ‘हो’ म्हणतो : जिवाचे मोल पैशाहून जास्त. त्याच वयाची एमी चाचरते. चोरी नको, कर्ज काढता येईल, औषधवाल्याशी बोलता येईल; आणि चोरी करून हाइन्झ तुरुंगात गेला तर बायकोचे आजारपण आणखी वाढेल, तेव्हा तिच्याजवळ कोण असेल? मुलाखत घेणारी व्यक्ती प्रश्न पुन्हापुन्हा विचारत राहते, तशी एमीची उत्तरे आखडत जातात. गुणांकनात ती जेकहून एक पूर्ण पायरी खाली येते. गिलिगन यांनी दाखवले, की एमीने प्रश्नच वेगळा ऐकला होता. हाइन्झने काही करावे की नाही, याबद्दल तिला शंका नव्हती. करायचे ते चोरी करूनच का, याचा ती विचार करत होती. मुलाखत घेणारीला मात्र ते ऐकूच आले नाही, कारण तिच्याजवळच्या पट्टीवर त्या उत्तरासाठी रेघच नव्हती. लिसनिंग गाइडचा सारा खटाटोप हीच चूक टाळण्यासाठी आहे.

पहिल्या आराखड्यात (1988) चार श्रवणे ठरलेली होती : कथानक, स्वत्व, न्यायाचा आवाज (हक्क आणि नियम), काळजीचा आवाज (नाती आणि जबाबदारी). क्लीव्हलंडच्या लॉरेल स्कूलमध्ये 7 ते 18 वयाच्या सुमारे शंभर मुलींशी वर्षानुवर्षे बोलताना गिलिगन आणि त्यांच्या सहकारी लिन माइकेल ब्राउन यांना हे दोनच आवाज तोकडे वाटू लागले. वयात येताना मुलींच्या बोलण्यात ‘मला माहीत नाही’ हे शब्द वाढत होते. ज्या गोष्टी त्यांना पूर्वी ठाऊक होत्या त्यांच्याबाबतही त्या हेच म्हणू लागल्या होत्या. न्याय आणि काळजी या दोन शीर्षकांखाली ही गोष्ट बसत नव्हती. म्हणून आवाज आधी ठरवायचे नाहीत, प्रत्येक अभ्यासाच्या प्रश्नाप्रमाणे आणि त्या मुलाखतीत जे ऐकू येते त्याप्रमाणे ते शोधायचे, असे रूप पद्धतीला आले. 2003 मधल्या मांडणीत ते पक्के झाले.

पहिले श्रवण : कथानक

ध्वनिमुद्रण ऐकत शब्दांकन सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुढे न्यायचे. कोण कोण आहेत, काय घडले, कुठे, कुठली प्रतिमा किंवा शब्द परत परत येतो, कुठे बोलणे तुटते, कशाबद्दल अवाक्षर नाही, हे टिपायचे. त्याच्याच शेजारी, वेगळ्या रकान्यात, ऐकणाऱ्याने स्वतःचे टिपायचे : कुठे भरून आले, कुठे राग आला, कुठे कंटाळा आला, कुठला भाग घाईने पुढे ढकलला. हा रकाना पुष्कळदा रिकामा सोडला जातो आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात. ऐकणाऱ्याने न नोंदवलेला कंटाळा विश्लेषणात ‘या मुद्द्यावर विशेष माहिती मिळाली नाही’ असा वेष घेऊन येतो. मुलाखत घेणाऱ्याचे प्रश्न, हुंकार आणि मध्येच तोडलेली वाक्येही शब्दांकनात असायलाच हवीत. एमी का आखडली हे केवळ तिच्या उत्तरांवरून कधीच कळले नसते.

दुसरे श्रवण : ‘मी’ची कविता

बोलणारी स्वतःबद्दल ‘मी’ म्हणून जे जे बोलते ते क्रियापदासकट आणि अर्थाला लागणाऱ्या एखाददुसऱ्या शब्दासकट अधोरेखित करायचे, मग ते उचलून, बोललेल्याच क्रमाने, एकाखाली एक ओळीत लिहायचे. सूर किंवा विषय बदलतो तिथे एक ओळ मोकळी सोडून नवे कडवे. नियम दोनच : क्रम बदलायचा नाही, पदरचा शब्द घालायचा नाही. एलिझाबेथ डीबोल्ड यांनी 1990 मध्ये याला ‘आय पोएम’ म्हटले. कविता हा शब्द मांडणीपुरता आहे. ओळी सुंदर दिसाव्यात म्हणून पुनरुक्ती गाळली, की पद्धतच मोडते, कारण तीनदा आलेले ‘मी ठरवलं’ आणि एकदा आलेले ‘मी ठरवलं’ या वेगळ्या गोष्टी आहेत.

मराठीत हे श्रवण इंग्रजीपेक्षा पुष्कळ अवघड आहे आणि अधिक फळ देणारेही आहे. उदाहरणासाठी रचलेला हा उतारा पाहा :

“नोकरी सोडायचं मीच ठरवलं. म्हणजे कुणी सोड म्हणालं नाही. पण मुलगी लहान, सासूबाईंचे गुडघे धरलेले. मला वाटलं, आता आपण घरात असलेलं बरं. बाईमाणसाला शेवटी बघावंच लागतं ना सगळं. दुपारी मला इतका कंटाळा यायचा. बोलले नाही कधी. काय माहीत, बोलायला हवं होतं का.”

फक्त ‘मी’ हा शब्द शोधला तर एकच ओळ हाती लागते : मीच ठरवलं. म्हणजे सगळा उतारा ठाम निर्णयाचा वाटतो. नीट केलेली कविता अशी होते :

मीच ठरवलं
मला वाटलं
आपण घरात असलेलं बरं
मला इतका कंटाळा यायचा
बोलले नाही कधी
बोलायला हवं होतं का

पहिल्या ओळीत कर्ता ठसठशीत आहे. मग तो ‘मला’ होतो, म्हणजे गोष्टी तिच्याकडे येऊ लागतात : वाटणे, कंटाळा. त्या दोहोंच्या मध्ये ‘आपण’. मग सर्वनाम गळून नुसते क्रियापद उरते, आणि शेवटच्या ओळीत कर्ताही नाही, नुसते ‘हवं होतं का’. ‘बाईमाणसाला बघावंच लागतं’ हे वाक्य कवितेत घेतलेले नाही, पण ते ‘मी’ सोडून सगळ्या बायकांच्या आडोशाला जाण्याची जागा आहे, म्हणून समासात त्याची नोंद हवीच.

तेव्हा मराठी मुलाखतींत ‘मी’, ‘मला’, ‘माझ्याच्यानं’, ‘माझ्या मनात’ ही सगळी रूपे आणि सर्वनाम नसलेली क्रियापदेही धरावी लागतात. इथे फसगत होते. ‘गेले’ हे स्त्रीचे ‘मी गेले’ असू शकते, ‘ते गेले’ही असू शकते, ‘सांगितलं’मध्ये तर कोणी सांगितले याचा मागमूसच नसतो. अशा ठिकाणी कागदावरून ठरवू नये, ध्वनिमुद्रणाकडे परत जावे. ‘आम्ही’ आणि समोरच्यालाही सामावून घेणारे ‘आपण’ यांचा हिशेब वेगळा ठेवावा. हा भेद इंग्रजीत नसल्यामुळे मूळ मार्गदर्शिकेत त्यासाठी काही सूचना सापडणार नाही. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. शब्दांकन करणाऱ्याने ते ‘सुधारून’ ‘आले’, ‘जाते’ करू नये, आणि विश्लेषकानेही त्यातून पुरुषी बाणा शोधू नये, ती तिथली बोली आहे.

सर्वांत मोठे नुकसान आधी इंग्रजी भाषांतर करून मग कविता काढल्याने होते. ‘मला राग आला’ याचे इंग्रजी झाले, की राग येण्याऐवजी ती बाई रागावते. कर्तेपण तिला भाषांतरकार बहाल करतो, आणि मग संशोधक त्याच कर्तेपणाचे विवेचन करत बसतो. कविता मूळ भाषेतच करावी आणि भाषांतर अगदी शेवटी, अवतरणांपुरते.

तिसरे श्रवण : एकमेकांत गुंतलेले आवाज

हा टप्पा पाश्चात्त्य संगीतातल्या काउंटरपॉइंटवरून घेतला आहे. तिथे दोन किंवा अधिक स्वतंत्र चाली एकाच वेळी चालतात, कधी जुळतात, कधी एकमेकींना छेद देतात. रागसंगीतात वाढलेल्या कानाला ही उपमा चटकन भिडत नाही, पण मुद्दा सोपा आहे : एकाच माणसाच्या एकाच वाक्यात दोन आवाज असू शकतात. संशोधनाच्या प्रश्नाच्या अनुषंगाने आवाजांना कच्ची नावे द्यायची, प्रत्येक आवाजाची खूण काय ते लिहून काढायचे, आणि एका वेळी एकाच आवाजासाठी सबंध मुलाखत ऐकायची. प्रत्येक आवाजाला वेगळ्या रंगाची पेन्सिल. वरच्या उताऱ्यात निर्णय घेणारा आवाज निळा आणि कर्तव्याचा हिरवा धरला, तर ‘मीच ठरवलं’ निळे होते. पण सासूबाईंच्या गुडघ्यांनंतर ते परत ऐकले, की त्याच शब्दांखाली हिरवी रेघही ओढावी लागते. दोन रंग एकावर एक येतात त्या जागा या टप्प्याची खरी कमाई आहेत. म्हणूनच सगळे आवाज एकाच फेरीत रंगवून वेळ वाचवणे परवडत नाही. तसे केले, की प्रत्येक वाक्याला एकच रंग मिळतो आणि पद्धत साध्या वर्गीकरणावर येऊन थांबते.

नाव दिलेला आवाज ऐकू येईना तर नाव टाकून द्यावे. ‘सोसणारी’ आणि ‘बंडखोर’ अशी तयार जोडी घेऊन बसणे हा स्त्रियांवरच्या अभ्यासांत हमखास दिसणारा दोष आहे. त्यात एमीचीच गत पुन्हा होते, फक्त पट्टी बदललेली असते.

विश्लेषणाचे लेखन

रंगवलेल्या प्रती, कविता आणि समासातल्या नोंदी शेजारी ठेवून मूळ प्रश्नाकडे परत यायचे : या माणसाबद्दल काय कळले, ते कशावरून, आणि वाटेत प्रश्नच बदलला का? आधी एकेका व्यक्तीवर स्वतंत्र टिपण लिहितात, मगच अनेक मुलाखती एकत्र पाहतात. आवाज किती वेळा आला याची मोजणी किंवा दोन विश्लेषकांच्या जुळणीची टक्केवारी इथे गैरलागू आहे. त्याऐवजी एकच मुलाखत दोन-तीन जणांनी स्वतंत्रपणे ऐकून मतभेद लेखी ठेवणे उपयोगी पडते. कुठला निष्कर्ष कुठल्या अधोरेखित ओळीवर उभा आहे, हे रंगांमुळे दुसऱ्यालाही तपासता येते. वेळ मात्र भरपूर लागतो. तासाभराच्या मुलाखतीच्या शब्दांकनालाच चार ते सहा तास जातात, त्यानंतर चार श्रवणे. त्यामुळे पद्धत थोड्या माणसांच्या सखोल अभ्यासालाच झेपते. अनेक जण एकदम बोलतात अशा गटचर्चेत ‘मी’चा धागा सुटत राहतो, तिथे ती ओढूनताणून लावू नये. कविता छापण्यापूर्वी एक खबरदारी घ्यावी : नावगाव काढले तरी सलग ‘मी’च्या ओळींतून माणूस त्याच्या घरच्यांना सहज ओळखू येतो.

प्रसार आणि आक्षेप

डेबोरा टोलमन यांनी किशोरवयीन मुलींच्या लैंगिक इच्छेच्या अभ्यासात शरीराचा आवाज हे स्वतंत्र श्रवण केले. नायोबी वे यांनी किशोर मुलग्यांच्या मैत्रीसाठी आणि ज्युडी चू यांनी चार-पाच वर्षांच्या मुलग्यांसाठी ही पद्धत वापरली, त्यामुळे ती ‘बायकांची पद्धत’ उरली नाही. ब्रिटनमध्ये नताशा मॉथनर (प्रसूतीनंतरचे नैराश्य) आणि अँड्रिया डूसेट (घरकामाची वाटणी) यांनी 1998 मध्ये तिसरे श्रवण नात्यांसाठी आणि चौथे समाजरचनेसाठी राखून ठेवणारा फेरबदल मांडला. पैसा, जात, कायदा, घराची रचना अशा गोष्टी बोलणारी व्यक्ती स्वतः क्वचितच ‘आवाज’ म्हणून मांडते, म्हणून भारतातल्या अभ्यासांना हे चौथे श्रवण विशेष जवळचे आहे.

स्त्रियांचा नैतिक विचार न्यायापेक्षा काळजीकडे झुकतो आणि म्हणून कोलबर्ग यांच्या पट्टीवर तो खाली मोजला जातो, या मूळ सिद्धांतावरचे आक्षेप वजनदार आहेत. कोलबर्ग यांच्या मोजणीत स्त्रिया खरोखरच खाली येतात का, यावर लॉरेन्स वॉकर यांनी 1984 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. बहुतेकांत फरक सापडला नाही. जॅफी आणि हाइड यांच्या 2000 मधल्या एकत्रित विश्लेषणात काळजीच्या विचारात स्त्रियांकडे (प्रमाण विचलनाच्या 0.28 पट) आणि न्यायाच्या विचारात पुरुषांकडे (0.19 पट) झुकणारा फरक निघाला, पण तो लहान आहे. वेगळा आवाज स्त्रीत्वावरून नव्हे तर आशयावरून ओळखायचा, असे गिलिगन यांनी 1982 च्या प्रस्तावनेतच लिहिले होते. पुस्तकातली उदाहरणे मात्र वाचकाला दुसऱ्या दिशेने नेतात, हे नाकारता येत नाही. पद्धतीच्या नंतरच्या रूपाला या आकड्यांनी धक्का लागत नाही, कारण त्यात स्त्री आणि पुरुष यांच्या सरासरीबद्दल कोणताच दावा नाही.