बीआरएम आणि एकट्याची टूर: सायकल तीच, हिशेब वेगळा

बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड्स, करणाऱ्यांकडून सुट्ट्या जवळ आल्या की हा प्रश्न हमखास कानावर येतो. 'मी एसआर, म्हणजे सुपर रँडोनियर, झालोय. आता एकट्यानेच हायवेने 2000 किलोमीटर जायचंय. रोज 200 धरले तर दहा दिवस. सायकल तीच, फक्त मागे बॅगा बांधायच्या. जमेल ना?' आजूबाजूचे लगेच म्हणतात, 'तू 600 किलोमीटरची बीआरएम केलीस, तुला काय अवघड?' हे ऐकलं की मला काळजी वाटते, कारण असं ऐकून कोणीतरी खरोखरच निघतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी गुडघा धरून ट्रेनने परत येतो.

बीआरएम म्हणजे काय ते पटकन उरकतो. नियम पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचे. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. पंक्चर, जेवण, झोप सगळं त्यातच. चारही अंतरं एका हंगामात झाली की सुपर रँडोनियर. त्याच्या पुढचं स्वप्न म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस: 1891 मध्ये शर्यत म्हणून सुरू झालेली, आता दर चार वर्षांनी होणारी साधारण 1200 किलोमीटरची राइड, कमाल मुदत 90 तास. टूरला यातलं काहीच नसतं. ना कंट्रोल (वाटेतली शिक्का घ्यायची ठिकाणं), ना कट-ऑफची मुदत, ना शिक्क्यांचं कार्ड.

किरकोळ फरकांवर मी वेळ घालवणार नाही. लाइट, हेल्मेट, पंप, ट्यूब दोन्हीकडे सारखंच. टायर 28 मिलिमीटर रुंदीचा की 35 चा यावर लोक तासन्‌तास भांडतात. सामान असेल तर 32 च्या खाली जाऊ नका, विषय संपला. पाठीवर सॅक घेऊन मात्र कृपा करून जाऊ नका. सामानाचं वजन कॅरिअरने घ्यायचं, मणक्याने नाही.

खरा घोळ एकाच ठिकाणी आहे. बीआरएम उधारीवर चालते, टूर रोखीवर.

600 च्या दुसऱ्या पहाटे तुम्ही शरीराकडून उसनं घेत असता. झोप उसनी घेता, स्नायूंतला साठा उपसता, तळव्यांना आलेल्या मुंग्यांकडे काणाडोळा करता, सीटखालची कातडी सोलवटली तरी क्रीम चोपडून पुढे निघता. यात काही चूक नाही, तो खेळच तसा आहे. शेवटच्या कंट्रोलला शिक्का बसला की सोमवारपासून ते उसनं फेडायला घ्यायचं. जिना उतरताना मांड्या बोलतात, दुपारी पेंग येते, गुरुवारपर्यंत माणूस ताळ्यावर येतो.

टूरला तो सोमवार नसतो. आज जे उसनं घ्याल ते उद्या सकाळी सहा वाजता, सामानासकट, व्याजासह फेडायचं असतं.

नुसता वेळेचा हिशेब करून बघा. पंधरा किलो सामान लादलेली सायकल मोकळ्या हायवेवर, वारा विरोधात नसेल तर, ताशी 18 ने चालते असं धरू. 200 किलोमीटरला सीटवर 11 तास. पाणी भरणं, दोनदा जेवणं, एखादं पंक्चर, दुपारच्या उन्हात थोडं टेकणं यांचे तीन तास. झाले चौदा. उरलेल्या दहा तासांत मुक्कामाची जागा शोधायची, अंघोळ करायची, शॉर्ट्स धुऊन वाळत घालायच्या, पोटभर जेवायचं, चेन पुसायची आणि झोपायचं. झोप येते साडेसहा तास, तीही पहिल्या रात्री.

आता पोटाचा हिशेब. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने साठवलेल्या कर्बोदकांचा, साठा साधारण 400 ते 500 ग्रॅम, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आसपास. तो पूर्ण उपसला गेला तर भरपूर कर्बोदकं खाऊनही पुन्हा भरायला साधारण 24 तास लागतात. चालत्या सायकलवर कितीही खाल्लं तरी शरीर तासाला 60 ते 90 ग्रॅमच पचवून वापरू शकतं. म्हणजे रोज तळ गाठणारा माणूस दुसऱ्या दिवशी थोड्या रिकाम्या टाकीने निघतो, तिसऱ्या दिवशी त्याहून रिकाम्या. त्याला वाटतं आज वारा जास्त आहे. वारा तेवढाच असतो.

मी हे अंगावर घेऊन शिकलो. पहिल्या एकट्याच्या टूरला सलग तीन दिवस 190, 205, 180 असं मारलं आणि त्याचा अभिमानही वाटला. चौथ्या सकाळी टूथपेस्टचं झाकण फिरवायला गेलो तर बोटं झाकणावरून नुसती घसरत होती. उजवी करंगळी पूर्ण आणि शेजारच्या बोटाची करंगळीकडची अर्धी बाजू बधिर. नखाने टोचलं तर त्या बोटाच्या अर्ध्या भागात कळत होतं आणि अर्ध्यात नाही, मधे जणू कोणी रेघ मारलेली. बाहेर जाऊन ब्रेक दाबून पाहिला, लिव्हर हँडलपर्यंत येईना. तळव्याच्या त्या कडेने अल्नर नर्व्ह, म्हणजे करंगळीकडे जाणारी नस, जाते आणि तीन दिवस मी माझं सगळं वजन तिच्यावर टाकलं होतं. आधीच्या 600 नंतरही थोडा बधिरपणा आला होता, पण तो आठवड्यात गेला, कारण आठवडाभर मी हँडलला हात लावला नव्हता. इथे अजून 900 किलोमीटर बाकी होते. दोन दिवस थांबलो, हँडलवर दुहेरी टेप गुंडाळली, ते वर घेतलं, पुढे रोज 110 केले. करंगळी पूर्ववत व्हायला पाच आठवडे लागले.

'पण विक्रम करणारे तर रोज 300-350 करतात' असं कोणी म्हणेल. ब्रिटिश सायकलपटू मार्क ब्युमाँटचं उदाहरण घ्या. 2017 मध्ये त्याने 79 दिवसांच्या आत सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. साधारण 29,000 किलोमीटर, दिवसाला सरासरी 360 च्या वर. पण सोबत पूर्ण टीम होती. जेवण, मसाज, दुरुस्ती, झोपायची जागा सगळं तयार. याच माणसाने 2008 मध्ये अशीच प्रदक्षिणा एकट्याने, स्वतःचं सामान स्वतः वाहून पूर्ण केली तेव्हा 194 दिवस लागले होते. सरासरी 150 च्या आसपास. आणि तोही तेव्हाचा विक्रमच होता. घाईत असलेला विक्रमवीर एकटा आणि सामानासह 150 करत असेल तर सुट्टीवर निघालेल्या माणसाने 200 कुठून काढायचे?

म्हणून टूरची तयारी 300 ची बीआरएम मारून होत नाही. ती होते सलग तीन दिवस, पूर्ण सामानासह, रोज 100 करून. परीक्षा अंतराची नाही, तिसऱ्या सकाळची. मूठ घट्ट आवळता येते का, जिना न धरता उतरता येतो का, सीटवर बसताना तोंडातून आवाज निघतो का? तिन्हींची उत्तरं नीट आली तर रोजच्या अंतराचा आकडा तुमचा तुम्ही ठरवा.

गिअरचंही हेच. पुढच्या चक्राला 34 दाते, मागच्याला 28 असताना पायडलचा एक फेरा सायकलला सुमारे अडीच मीटर नेतो. रिकाम्या सायकलला ठीक आहे. भरलेल्या सायकलवर सलग सहा टक्क्यांच्या चढाला तोच गिअर गुडघ्याचं वाटोळं करतो, कारण उभं राहून रेटावं लागतं आणि मागच्या बॅगा सायकलला शेपटीसारख्या हलवतात. पुढे 26, मागे 36 असेल तर तोच फेरा दीड मीटरचा होतो. ताशी पाच-साडेपाचने बसून, गप्पा मारत चढता येतं. 'मला एवढा हलका गिअर लागत नाही' हे वाक्य मी नेहमी पहिल्या दिवशीच ऐकलं आहे.

शेवटी एकटेपण. बीआरएममध्येही नियमाने तुम्ही स्वावलंबी असता, पण पुढे कोणाचा तरी लाल दिवा दिसत असतो आणि कंट्रोलवर पोचला नाहीत तर ते कोणाच्या तरी लक्षात येतं. टूरला संध्याकाळपर्यंत कोणाच्याच लक्षात येणार नाही. घरच्या एकाच माणसाला रोज ठरलेल्या तीन वेळांना मेसेज, आणि चुकला तर त्याने काय करायचं हे निघण्याआधी ठरलेलं. रात्री हायवेवर चालवणं बीआरएमपुरतंच ठेवा. टूरला सूर्यास्ताच्या तासभर आधी मुक्काम, यावर मी तडजोड करत नाही. आणि आरसा लावा. मागून येणारा ट्रक आवाजाने कळतो हे वारा समोरून असेल तेव्हा खरं नसतं.

मग त्या 2000 किलोमीटरना मी किती दिवस धरेन? पहिले तीन दिवस 90, पुढचे चौदा दिवस 125 च्या आसपास, मधे दोन दिवस सायकलला हात नाही, आणि एक दिवस पाऊस किंवा तुटलेल्या स्पोकसाठी राखून. वीस दिवस. सुट्टी दहाच दिवसांची असेल तर नकाशावर शेवटचं ठिकाण हजार किलोमीटरवर आणा.