दीर्घिका आणि विश्वाचे प्रसरण

तारे, वायू, धूळ आणि डोळ्यांना न दिसणारे कृष्णद्रव्य यांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या प्रचंड समूहाला दीर्घिका म्हणतात. आपली सूर्यमाला जिच्यात आहे ती दीर्घिका म्हणजे आकाशगंगा. तिची तबकडी सुमारे १ लाख प्रकाशवर्षे रुंद आहे आणि तिच्यात किमान १०,००० कोटी तारे आहेत. दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जात आहेत आणि जी जितकी लांब तितका तिचा वेग जास्त आहे. विश्वाचे प्रसरण म्हणतात ते यालाच.

सोलापूर १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथून नुसत्या डोळ्यांनी नीट दिसणारी परकी दीर्घिका एकच, देवयानी. नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास ती उत्तरेकडे सुमारे ६६ अंश उंचीवर येते. शहराचा उजेड मागे टाकून नान्नजकडच्या माळावर उभे राहिले, की आधी पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा मोठा चौकोन शोधावा. त्याच्या ईशान्य कोपऱ्यापासून शर्मिष्ठा या तारकासमूहाच्या दिशेने नजर नेली की वाटेत फुंकर मारल्यासारखा एक लांबट, पुसट ठिपका लागतो. तो थेट बघितला तर हरवतो आणि नजर जरा बाजूला ठेवली तर उमटतो. त्या ठिपक्यातून डोळ्यांत शिरणारा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो. दक्षिण गोलार्धात ठळक दिसणारा मोठा मॅगेलनी मेघ (हीही एक दीर्घिकाच) मात्र इथे क्षितिजावर जेमतेम तीन अंश चढतो, म्हणजे धुरळ्यातच राहतो.

गंमत अशी की ही देवयानी आपल्यापासून लांब जात नाही. ती जवळ येत आहे. अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ साली तिचा वर्णपट (प्रकाश रंगांत पसरवून मिळणारा पट्टा) घेतला, तेव्हा त्यातल्या रेषा निळ्या टोकाकडे सरकलेल्या निघाल्या. वेग सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर आणि दिशा आपल्याकडे! यातला मोठा भाग सूर्य आकाशगंगेत फिरतो त्याचा आहे. तरीही दोन्ही दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने एकमेकींकडे ओढल्या जात आहेत हे खरेच. म्हणून प्रसरणाचा पुरावा एखाद्या दीर्घिकेत शोधायचा नसतो. स्लायफर यांनी पुढे आणखी सर्पिल तेजोमेघ (देवयानीसारख्या दीर्घिकांना तेव्हा असेच म्हणत) तपासले, तेव्हा बहुतेकांच्या रेषा तांबड्या टोकाकडे सरकलेल्या आढळल्या. या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात. उदाहरणार्थ, कॅल्शियमची एक रेषा प्रयोगशाळेत ३९३.४ नॅनोमीटरवर असते. एखाद्या दीर्घिकेत ती ४०१.३ वर सापडली, तर ताम्रसृती २ टक्के, वेग प्रकाशाच्या २ टक्के, म्हणजे सेकंदाला सुमारे ६,००० किलोमीटर, आणि प्रसरणाच्या दरावरून अंतर साधारण २८ कोटी प्रकाशवर्षे निघते.

वेग मोजणे त्या मानाने सोपे. खरी कसोटी अंतराची होती. हे तेजोमेघ आकाशगंगेच्या आतले की बाहेरचे, यावर १९२० साली वॉशिंग्टनमध्ये शॅप्ली आणि कर्टिस या खगोलशास्त्रज्ञांनी परस्परविरोधी बाजू मांडल्या होत्या. अंतर मोजण्याची किल्ली खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेविट यांनी आधीच देऊन ठेवली होती. सेफिड प्रकारचे तारे ठरावीक काळाने उजळतात आणि मंदावतात. हा काळ जितका मोठा, तितका तारा मुळात तेजस्वी, हा संबंध त्यांनी १९१२ साली पक्का केला. मूळ तेज कळले आणि दिसणारे तेज मोजले की अंतर काढता येते. माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीतून ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांना देवयानीत असा एक तारा सापडला. त्यांनी काढलेले ९ लाख प्रकाशवर्षे हे अंतर आजच्या मानाने फारच कमी आहे, पण देवयानीला आकाशगंगेबाहेर काढायला ते पुरेसे होते.

१९२९ साली हबल यांनी अंतर आणि वेग यांचे प्रमाण मांडले. त्याआधी १९२२ मध्ये अलेक्झांडर फ्रीडमन यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांतून प्रसरणशील विश्व गणिताने काढले होते, तर १९२७ मध्ये बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र यांनी ते दीर्घिकांच्या वेगांशी जोडले होते. म्हणूनच २०१८ पासून या नियमाला हबल–लमेत्र नियम म्हणतात. या यादीत मिल्टन ह्युमसन यांचे नाव राहून जाते, हे बरे नाही. माउंट विल्सनची वेधशाळा बांधताना डोंगरावर सामान नेणारी खेचरे हाकण्यापासून सुरुवात करून ते दुर्बिणीवर पोहोचले. महाश्व तारकासमूहातल्या एनजीसी ७६१९ या दीर्घिकेच्या वर्णपटासाठी त्यांनी छायाचित्राची एकेक प्लेट तेहेतीस आणि पंचेचाळीस तास प्रकाशात ठेवली, अर्थातच अनेक रात्री मिळून. वेग निघाला सेकंदाला जवळजवळ ३,८०० किलोमीटर. एवढ्या वेगाची दीर्घिका तोवर कोणी मोजलेली नव्हती.

दूरच्या सगळ्या दीर्घिका आपल्यापासूनच लांब जातात, मग आपण मध्यभागी आहोत का? याचे उत्तर भोगीच्या दिवशी सोलापुरातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात मिळते. बाहेर सिद्धेश्वराच्या यात्रेची धामधूम असते आणि आत परातीत बाजरीची भाकरी थापली जात असते. गोळा थोडा पसरला की वर तीळ लावतात आणि पुन्हा थापतात. समजा एका तिळापासून शेजारचे तीळ १, २ आणि ३ सेंटीमीटरवर आहेत. भाकरी थापून दुप्पट रुंद झाली की ते २, ४ आणि ६ वर जातात. म्हणजे तेवढ्याच वेळात पहिला १, दुसरा २, तिसरा ३ सेंटीमीटर सरकला. जो लांब तो जास्त वेगाने. मोजणी दुसऱ्या कोणत्याही तिळापासून सुरू केली तरी हेच दिसेल. तीळ पिठातून पळत नाहीत, पीठ पसरते. तसेच दीर्घिकांमधले अवकाश पसरते. तीळ स्वतः मोठा होत नाही, तशी दीर्घिकाही आतून पसरत नाही, कारण तिला गुरुत्वाकर्षण धरून ठेवते. भाकरीला काठ आणि मध्य असतो, विश्वाला तसा मध्य नाही, इतका फरक मात्र लक्षात ठेवायला हवा.

ताम्रसृतीचे कारण दुसरेच काही असेल, अशी शंका पूर्वी घेतली जाई. तिचे निरसन अतिनवताऱ्यांनी, म्हणजे स्फोट होऊन प्रचंड उजळणाऱ्या आणि मग मंदावत जाणाऱ्या ताऱ्यांनी, केले. अवकाश खरोखर ताणले जात असेल तर प्रकाशाच्या लहरींबरोबर घटनांचा काळही ताणला जायला हवा, आणि तसेच दिसते. जवळचा अतिनवतारा २० दिवसांत जेवढा मंदावतो, तेवढे मंदावायला लहरलांबी दुप्पट झालेल्या अंतरावरचा ४० दिवस घेतो. दुसरा पुरावा उष्णतेचा. पेन्झियस आणि विल्सन यांना १९६४–६५ मध्ये सापडलेल्या सूक्ष्मतरंग प्रारणाचे, म्हणजे सगळ्या आकाशातून येणाऱ्या आरंभीच्या विश्वाच्या उष्णतेच्या अवशेषाचे, तापमान आज २.७ केल्व्हिन आहे. विश्व पूर्वी आटोपशीर असेल तर ते तेव्हा जास्त हवे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील रघुनाथन श्रीआनंद आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी २००० साली अतिदूरच्या एका वायुमेघातील अणूंवरून हे तापमान ६ ते १४ केल्व्हिनच्या दरम्यान असल्याचे दाखवले. प्रसरणाच्या गणिताने ते सुमारे ९ यायला हवे होते. प्रस्तुत नोंदलेखकाच्या मते हा सगळ्यांत देखणा पुरावा आहे.

मराठी वाचकांत एक गैरसमज रुळला आहे, तो असा की जयंत नारळीकरांना विश्वाचे प्रसरण मान्य नव्हते. ते खरे नाही. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी ज्या स्थिर स्थिती सिद्धांताचा पुरस्कार केला, त्यातही विश्व पसरतेच. पसरताना नवे द्रव्य निर्माण होऊन घनता कायम राहते, इतकेच. त्यांचा आक्षेप महास्फोटाच्या एका आरंभक्षणाला होता. सूक्ष्मतरंग प्रारणानंतर बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले, तरी नारळीकरांनी आपले प्रश्न अखेरपर्यंत उघडपणे मांडले.

प्रसरण मंदावत नसून वाढत्या वेगाने होत आहे, हे १९९८ मध्ये अतिनवताऱ्यांवरूनच कळले (नोबेल २०११). त्यामागच्या कारणाला कृष्णऊर्जा असे नाव आहे. विश्वाचे वय आता सुमारे १,३८० कोटी वर्षे धरले जाते. प्रसरणाच्या दरावर मात्र एकमत नाही. हबल यांनी तो दर मेगापार्सेकला (३२.६ लाख प्रकाशवर्षांना) सेकंदाला ५०० किलोमीटर काढला होता, त्यावरून विश्व पृथ्वीपेक्षाही तरुण ठरण्याची वेळ आली होती. १९५२ साली वॉल्टर बाड यांनी सेफिड तारे दोन प्रकारचे असल्याचे दाखवले, तेव्हा सगळी अंतरे दुपटीने वाढली आणि दर खाली आला. आज सूक्ष्मतरंग प्रारणावरून तो सुमारे ६७, तर सेफिड आणि अतिनवताऱ्यांवरून सुमारे ७३ निघतो. ही तफावत मोजणीतल्या चुकीची असेल म्हणून जेम्स वेब अवकाश दुर्बिणीतून तेच सेफिड पुन्हा तपासले गेले. हबल दुर्बिणीने दिलेली त्यांची अंतरे बरोबर निघाली आणि ७३ चा आकडा हलला नाही.